जुनी पिकअप आणि शहाणा खर्च

हैदराबाद शहर पुरते जागे होण्यापूर्वीच बोवनपल्लीचा भाजीबाजार आणि मलकपेठचा गंज जागा झालेला असतो. जहीराबाद, विकाराबाद, शादनगर या बाजूंनी भाजीपाला येतो, महाराष्ट्रातून कांदा येतो. मोठा माल मोठ्या ट्रकांनी येत असला, तरी शेताच्या बांधापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून गल्लीतील दुकानापर्यंत तो पोचविण्याचे काम लहान पिकअप गाड्याच करतात. यांतील पुष्कळशा गाड्या दहा-पंधरा वर्षे राबलेल्या असतात. त्यांचा मालक बहुधा स्वतःच चालकही असतो. नवी गाडी घ्यावी तर कर्जाचे ओझे, जुनी चालवावी तर दुरुस्तीचा ससेमिरा, अशा कात्रीत तो सापडलेला असतो. हाती शिल्लक पडलेले दहा-वीस हजार रुपये या जुन्या गाडीत कोठे घालावे, असा प्रश्न मग त्याच्यापुढे उभा राहतो.

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचे उत्तर चुकले तर परिणाम मोठे होतात. इंजिन बसले तर महिन्याचे भाडे बुडते. ब्रेक बसले नाहीत तर माणूस जातो. म्हणून या खर्चाचा विचार हौसेच्या दृष्टीने न करता हिशेबाच्या दृष्टीने केला पाहिजे. जुन्या डिझेल गाडीत नवी शक्ती भरण्याचा खटाटोप महाग पडतो. तिची हरवलेली शक्ती तिला परत मिळवून देणे मात्र स्वस्त असते. गाडीची सुधारणा या शब्दाचा हाच अर्थ गरीब मालकाने ध्यानात ठेवावा. ही सुधारणा कोणत्या क्रमाने करावी, आणि कोणती मुळीच करू नये, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

जुन्या गाड्यांचा वारसा

हैदराबादेतील मोटारवाहतुकीची परंपरा जुनी आहे. निजाम सरकारच्या रेल्वेची एक शाखा म्हणून १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी येथील सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या ऑल्विन कारखान्यात पुढे बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या जाऊ लागल्या. आणि १९८० नंतरच्या दशकात याच कंपनीने जपानच्या निस्सान कंपनीच्या सहकार्याने जहीराबाद येथे हलक्या मालवाहू डिझेल गाड्या काढल्या. तो उद्योग नंतर महिंद्र कंपनीकडे गेला. त्याच दशकात, १९८८ मध्ये, टाटांची पहिली पिकअप बाजारात आली. महिंद्र कंपनीच्या जीपवंशातील गाड्यांतून प्यूजो बनावटीचे २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आले, आणि पुढे तिच्या पिकअप गाड्यांत २,५२३ घनसेंटिमीटरचे इंजिन रूढ झाले.

या सर्व जुन्या इंजिनांत एक समान गुण होता. त्यांत इंधन सोडण्याचे काम यांत्रिक पंप करीत असे. विजेचा मेंदू त्यांत नव्हता. त्यामुळे राणीगंजच्या दुकानांत सुटे भाग मिळाले आणि ऑटोनगरचा एखादा अनुभवी उस्ताद भेटला, की ही गाडी पुन्हा उभी राहू शकते. स्वस्त सुधारणेची शक्यता मुळात या साधेपणामुळेच निर्माण झाली आहे.

धुराचा रंग

तथापि पहिला रुपया सुट्या भागावर खर्च न करता परीक्षेवर खर्च करावा. वैद्य जशी आधी नाडी पाहतो, तसा डिझेल गाडीचा धूर आधी पाहावा. काळा धूर म्हणजे इंधन अधिक आणि हवा कमी. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर इंधन न जळताच बाहेर पडत आहे, अथवा रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे, असे समजावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. या तीन रंगांवरून दुखणे हवेचे, इंधनाचे की इंजिनाच्या अंतरंगाचे, हे बव्हंशी उमगते.

त्यानंतर कॉम्प्रेशनची परीक्षा करवून घ्यावी. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने जाळ होतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्व असे की हवा पुरेशी दाबली की ती आपोआप इतकी तापते की तीत सोडलेले इंधन स्वतःच पेट घेते. पिकअपसारख्या गाडीच्या इंजिनात हवा सुमारे १८ ते २२ पट दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की हा दाब निसटतो. दाब गेला म्हणजे उष्णता गेली, आणि उष्णता गेली म्हणजे डिझेल अर्धवट जळणार. ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहिल्यास तेथून धुराचे भपकारे येत असतील, तर रिंगांचा संशय घ्यावा. अशा इंजिनावर नवे फिल्टर आणि नवी नोझले चढविणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. परंतु दाब ठीक असेल, तर गाडीत अजून पुष्कळ दम आहे असे समजून पुढील खर्चास हात घालावा.

हवा, इंधन आणि पाणी

स्वस्त उपायांत पहिला मान हवेचा. एक लिटर डिझेल पुरतेपणी जाळावयास निदान १०,००० लिटर हवा लागते. ही सर्व हवा एका लहानशा एअर फिल्टरमधून जाते. बांधकामांची धूळ आणि खेड्यापाड्यांच्या कच्च्या रस्त्यांची माती यांनी तो फिल्टर कोंदला, की इंजिनाला धाप लागते. चालक मग ॲक्सिलरेटर अधिक दाबतो, इंधन अधिक जाते, आणि गाडी धावण्याऐवजी धुराळा सोडते. कागदी फिल्टर वेळेवर बदलणे हा शेकड्यांतला खर्च आहे. जुन्या गाड्यांत तेलाच्या भांड्याचा फिल्टर असतो. त्यातील जाळी धुऊन खुणेपर्यंत स्वच्छ तेल भरणे हा तर त्याहूनही कमी खर्च. फिल्टरकडे हवा नेणारा रबरी पाइप चिरला असेल, तर गाळलेल्या हवेबरोबर न गाळलेली धूळही आत जाते व रिंगांना कानशीसारखी घासते. म्हणून तो पाइप आणि त्याचे क्लिप आधी तपासावेत.

या हवेबाबत हैदराबादच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. हे शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशी ओलांडतो. उष्ण हवा विरळ असते. तापमान दहा अंशांनी वाढले की तेवढ्याच आकारमानाच्या हवेचे वजन शेकडा सुमारे ३ ने घटते. फिल्टरचे तोंड बॉनेटखालच्या भट्टीसारख्या हवेत उघडत असेल, तर इंजिन उपाशी राहते. कंपनीने दिलेली बाहेरून हवा आणणारी नळी पुष्कळ गाड्यांतून कोणत्या तरी दुरुस्तीच्या वेळी काढून टाकलेली असते. ती पुन्हा बसविणे हे अगदी अल्प खर्चाचे पण गुणकारी काम आहे. दिसावयास चकचकीत असे उघडे फिल्टर मात्र बसवू नयेत. ते तीच गरम हवा ओढतात आणि धूळही कमी अडवितात.

हवेनंतर इंधन. यांत्रिक पंपाचा प्लंजर त्याच्या नळीत इतका घट्ट बसविलेला असतो की दोहोंमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढीच असते, आणि नोझलची छिद्रे केसाच्या जाडीची तुलना करावी इतकी बारीक असतात. १९२७ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने असे पंप मोठ्या संख्येने तयार करावयास आरंभ केला, तेव्हाच डिझेल इंजिन मोटारीच्या आकारात सामावू लागले. भारतात त्याच कुळातील मायको कंपनी १९५१ साली बंगळूरला निघाली, आणि पुढे नोझले व इंजेक्टर करणारा तिचा कारखाना नाशिकला उभा राहिला. ही सारी नाजूक कारागिरी दोन गोष्टींनी बिघडते, पाण्याने आणि केराने. म्हणून डिझेल फिल्टर मुदतीत बदलावे, आणि फिल्टरखाली साचलेले पाणी तळाचा स्क्रू सैल करून नियमाने काढून टाकावे. पावसाळ्यात तर ही सवय विशेष जपावी. स्वस्त मिळते म्हणून रॉकेल मिसळलेले डिझेल भरणे म्हणजे पंपाला लागणारे वंगणच काढून घेणे होय.

गाडी पुष्कळ धावली असेल आणि धूर काळा असेल, तर नोझलांचा दाब तपासून पंप टेस्ट बेंचवर जुळवून घ्यावा. हा हजारांतला खर्च आहे, पण तो वारंवार करावा लागत नाही. चारही सिलिंडरांना सारखे इंधन मिळू लागले की इंजिनाची थरथर कमी होते, धूर कमी होतो आणि तेवढ्याच डिझेलात वाट अधिक कापली जाते. त्याच वेळी टॅपेट जुळवावेत व इंधन सोडण्याची वेळ, म्हणजे टायमिंग, पुस्तकाप्रमाणे लावून घ्यावे.

ज्या गाड्यांत कॉमन रेल पद्धत आहे, त्यांची गोष्ट निराळी. हैदराबादसह १३ शहरांत भारत स्टेज ४ ची मानके १ एप्रिल २०१० पासून लागू झाली, आणि त्या सुमारापासून अशी इंजिने वाढत गेली. त्यांत इंधनाचा दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजारपट असतो. ती रस्त्याकडेच्या दुकानात खोलू नयेत. अस्सल फिल्टर, स्वच्छ डिझेल आणि संगणकावरची तपासणी हीच त्यांची स्वस्त निगा.

एक सुधारणा तर जुन्या गाडीच्या मालकाला फुकटच मिळाली आहे. २००५ साली मोठ्या शहरांत मिळू लागलेल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे. भारत स्टेज ४ मध्ये ते प्रमाण ५० वर आले, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्ये १० वर. गंधक जळले की आम्ल बनते आणि ते इंजिन ऑइलमध्ये उतरून धातू खाते. गंधक घटल्याने जुन्या इंजिनाचेही आयुष्य वाढते. मात्र त्याचा लाभ पदरात पडावयास ऑइल व ऑइल फिल्टर मुदतीत बदलले पाहिजेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. गाडी तापते अशी तक्रार आली की पुष्कळ गॅरेजांतून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रूढी पडली आहे. हा उपाय रोगाहून वाईट होय. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा पहारेकरी आहे; इंजिन योग्य उष्णतेस पोचेपर्यंत तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. तो काढला की इंजिन दीर्घकाळ थंड चालते, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर लवकर झिजतात, आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते. ते कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, सैल फॅन बेल्ट, पंख्याभोवतीचे हरवलेले आवरण अथवा निकामी झालेले झाकण हे असते. रेडिएटरचे झाकण केवळ पाणी सांडू नये म्हणून नसते. ते आत दाब धरते, आणि त्या दाबामुळे पाणी ११० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. काही शे रुपयांत झाकण आणि थर्मोस्टॅट दोन्ही नवे मिळतात. त्यांच्या जोडीला साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घातले, तर गंज व क्षार यांपासून रेडिएटर वाचतो.

थांबणे आणि दिसणे

इंजिनाचा विचार येथवर झाला. परंतु धावण्यापेक्षा थांबण्याचे सामर्थ्य अधिक महत्त्वाचे आहे. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ६० वर गेला, म्हणजे दीडपट झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबावयास लागणारे अंतर दीडपट न होता सव्वादोनपट होते. त्यात हौद्यात माल असला आणि लायनर झिजलेले असले, की ऐनवेळी गाडी आवरत नाही. म्हणून ज्याच्याजवळ एकाच कामापुरते पैसे आहेत, त्याने ते ब्रेकवर खर्च करावेत.

ब्रेकच्या कामात लायनर आणि ड्रम यांकडे सर्वांचे लक्ष जाते, पण ब्रेक ऑइलकडे जात नाही. हे ऑइल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे ऑइल नवे असताना मानकाप्रमाणे निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओल मुरल्यावर १४० अंशांच्या सुमारास उकळू शकते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले, ऑइलला उकळी फुटून वाफ झाली, की पेडल मऊ होऊन तळाला जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. दोन वर्षांनी एकदा सर्व ऑइल बदलणे हा शेकड्यांतला खर्च आहे. दुसरी गोष्ट व्हॅक्यूमची. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे आपोआप पुरेशी निर्वात ओढ निर्माण होत नाही. त्यासाठी निराळा व्हॅक्यूम पंप असतो व त्याच्या जोरावर ब्रेक हलके लागतात. त्या पंपाची रबरी नळी चिरली असेल तर ब्रेक कठीण होतो. अशी नळी बदलण्यास अर्धा तास पुरतो.

चाके तपासण्याची एक पद्धत कोणालाही करता येईल अशी आहे. जॅक लावून प्रत्येक चाक उचलावे व हाताने फिरवून पाहावे. ते घासत अडखळत फिरत असेल तर ब्रेक धरून राहिलेला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. असे चाक दिवसभर डिझेल खाते. टायरांतील हवा कमी असली तरी परिणाम तोच. टायर दबतो, तापतो आणि लवकर झिजतो. आठवड्यातून एकदा थंड टायरची हवा तपासणे यास खर्च असा नाहीच. टायर बदलण्याची वेळ आलीच, तर गाडीस योग्य अशा मापाचे व भारक्षमतेचे रेडियल टायर घ्यावेत; जुन्या पद्धतीच्या टायरांपेक्षा ते रस्त्यावर कमी ओढ घेतात. एकाच ॲक्सलवर मात्र दोन निरनिराळ्या जातींचे टायर चढवू नयेत.

रात्रीच्या प्रकाशाचेही असेच आहे. सोलापूरहून जहीराबादमार्गे हैदराबादेस येणाऱ्या महामार्गावर पहाटे तीन वाजता गाडी हाकणाऱ्याला मंद हेडलाइट म्हणजे काय याचा चांगला अनुभव असतो. त्याला वाटते की अधिक वॉटचे बल्ब घालावेत. वस्तुतः दोष बहुधा बल्बात नसून तारांत असतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सर्व प्रवाह डॅशबोर्डवरील बटणातून फिरून येतो. जुन्या तारा आणि काळवंडलेले सांधे वाटेत व्होल्टेज खातात. बल्बपर्यंत पोचणारे व्होल्टेज शेकडा १० ने घटले, तर प्रकाश शेकडा १० ने न घटता सुमारे ३० ने घटतो. बॅटरीपासून फ्यूज घालून थेट जाड तार आणून मध्ये रिले बसविली आणि अर्थचा सांधा घासून स्वच्छ केला, की त्याच बल्बांचा प्रकाश लख्ख पडतो. त्याबरोबर हेडलाइटचा रोखही ठरवून घ्यावा, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत. मागे नियमाप्रमाणे परावर्तक पट्ट्या लावाव्यात. अंधारात रस्त्याकडेला बंद पडलेली पिकअप मागून येणाऱ्याला न दिसणे, यासारखा दुसरा धोका नाही.

मोहाच्या वाटा

आता जे करू नये ते पाहू. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरविला की गाडी जोर धरते, ही गोष्ट खरी आहे. मिस्त्रीलोक त्याला पंप वाढविणे म्हणतात. परंतु हवा तेवढीच राहून इंधन वाढले, तर जादा इंधन काजळी होऊन बाहेर पडते आणि पिस्टन व हेड यांना प्रमाणाबाहेर आच लागते. चार महिने चढावर मिळालेला जोर पुढे हेड गॅस्केटच्या रूपाने वसूल होतो. धुराच्या तपासणीतही अशी गाडी अडकते. भारत स्टेज ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्टरिज अंश आणि भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ५० अंश अशी घालून दिलेली आहे. वर सांगितलेली हवा व इंधनाची कामे केलेली असतील, तर सुस्थितीतील इंजिनाला ही मर्यादा जड जात नाही.

टर्बो बसविण्याची कल्पनाही अशीच मोहक आहे. निघून जाणाऱ्या धुराच्या जोराने हवा इंजिनात कोंबावयाची, ही युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली पेटंट केली, आणि ती उत्तमच आहे. पण जे इंजिन मुळातच टर्बोसाठी घडविलेले नाही, त्याला ती लावावयाची तर पिस्टन, वंगणाची वाट, थंड करण्याची सोय, क्लच हे सर्वच बदलावे लागते. तो खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा व्यवहार होतो.

जादा पाटे चढविण्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हा प्रकार फार आढळतो. मोडलेला किंवा बसलेला पाटा बदलणे ही दुरुस्ती होय; पण अधिक माल लादता यावा म्हणून मूळ संख्येवर पाटे वाढविणे हा निराळा व्यवहार आहे. पाटे वाढले तरी ब्रेक तेच, ॲक्सल तोच, टायर तेच आणि चेसिसचे लोखंडही तेच राहते. गाडी मागे बसत नाही म्हणून चालकाला भार जाणवत नाही, एवढाच काय तो फरक. आणि तोच घातक आहे. शिवाय आरसी पुस्तकात लिहिलेले वजन पाटे वाढविल्याने वाढत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. गाडीच्या पुढे लोखंडी गार्ड लावण्यासही केंद्र सरकारने २०१७ मध्ये याच कलमाच्या आधारे मनाई केली. इंधन बदलून सीएनजी करावयाचे, तर मान्यताप्राप्त संच अधिकृत ठिकाणी बसवून तशी नोंद पुस्तकात करून घ्यावी लागते. अशा संचांची परीक्षा करणाऱ्या संस्थांत पुण्याची १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही प्रमुख आहे. बेकायदा फेरफाराचा खरा फटका अपघातानंतर बसतो, कारण विम्याच्या भरपाईवरून वाद उभा राहतो आणि तो ज्याला परवडत नाही त्याच्याच दारी येतो.

हिशेबाची वही

एवढ्या खटपटीतून हाती काय लागते, ते उदाहरणादाखल मांडून पाहता येईल. एखादी पिकअप रोज १०० किलोमीटर धावते आणि लिटरला १० किलोमीटर देते, असे धरले तर तिला रोज १० लिटर डिझेल लागते. हवा, इंधन, ब्रेक व टायर यांच्या देखभालीने तीच गाडी लिटरला ११ किलोमीटर देऊ लागली, तर रोजचे सुमारे ०.९ लिटर वाचते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ही बचत २७० लिटरांच्या आसपास जाते. लिटरचा भाव ९५ रुपये धरल्यास ती रक्कम सुमारे साडेपंचवीस हजार रुपये होते. म्हणजे फिल्टर, झाकण, थर्मोस्टॅट, रिले, ब्रेक ऑइल ही शेकड्यांतली कामे तर निघतातच, पण नोझल व पंपाचा खर्चही वर्षाच्या आत भरून निघू शकतो. न जळता जो काळा धूर बाहेर पडतो, तो मालकाने पैसे मोजून विकत घेतलेले डिझेलच असते. आणि तोच धूर बाजारातील हमालाच्या, भाजीवालीच्या व चालकाच्या स्वतःच्या मुलांच्या छातीत जातो. मालकाचा लाभ आणि शहराचे आरोग्य यांचा येथे विरोध नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

या सर्वांस मर्यादाही आहे. चेसिस गंजून पोखरली असेल, कॉम्प्रेशन पार उतरले असेल, आणि ब्रेक, इंजिन व बॉडी ही तिन्ही कामे एकदम निघत असतील, तर तेथे थांबावे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेसचे पासिंग दरवर्षी करावे लागते. त्या वेळी निघणाऱ्या दोषांची यादी वर्षागणिक लांबत चालली, तर ती गाडीचा निरोप सांगत असते. जुन्या गाड्या नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढून नव्या गाडीच्या खरेदीत काही सवलत मिळावी, असे धोरण केंद्राने २०२१ मध्ये जाहीर केले. कबाडखान्यात कागदपत्रांवाचून गाडी देण्यापेक्षा तो मार्ग सुरक्षित आहे, कारण मोडीत काढल्याचा दाखला मिळाल्यावर त्या गाडीची जबाबदारी मालकाच्या शिरावर राहत नाही.

गाडी ठेवावी की काढावी, हा निर्णय मिस्त्रीच्या सांगण्यावर किंवा मनाच्या ओढीवर सोपविण्याऐवजी एका लहान वहीवर सोपवावा. केबिनमध्ये ती वही ठेवावी. टाकी भरताना तारीख, किलोमीटर आणि लिटर, तसेच केलेले प्रत्येक काम व त्याचा खर्च एवढेच तीत लिहावे. दोन-तीन महिन्यांत गाडी स्वतःच बोलू लागते. लिटरमागची वाट अचानक घटली तर काही तरी घासते आहे किंवा चोंदले आहे, हे बिघाड होण्यापूर्वीच कळते. आधी ब्रेक व प्रकाश, मग हवा व पाणी, मग इंधनाचा पंप आणि शेवटी टायर, असा क्रम ठेवून आणि वहीतील आकडे पाहून जो मालक खर्च करील, त्याची जुनी पिकअप आणखी काही वर्षे त्याच्या घराला भाकरी देईल. आणि तिला निरोप देण्याची वेळ आली म्हणजे तेही त्याला त्याच वहीतून वेळेवर कळेल.